विश्वाचं झीरो माइल कुठे आहे?

वाचक विचारतात: सापेक्षता, कृष्णविवरं आणि प्रसरण पावणारं विश्व

या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा निम्मी पत्रं कृष्णविवरांवर येतील हा अंदाज होता. तसंच झालं. सारख्या प्रश्नांना एकत्र बांधलं आहे. उत्तरात जमेल तिथे आकडा दिला आहे, कारण या विषयातली बरीचशी भीती आणि बराचसा चमत्कार आकडा टाकला की जागेवर येतो.

मोबाइलमधला नकाशा आइन्स्टाइनमुळे चालतो, नाहीतर रोज ११ किलोमीटरची चूक झाली असती, असं वाचलं. मग नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत माझा ठिपका शेजारच्या गल्लीत का जातो? (पार्सल पोहोचवणारा वाचक, मानेवाडा)

दोन वेगळ्या चुका आहेत. आधी आइन्स्टाइनची.

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांच्यावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मागे पडतं. हा १९०५चा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत. पण तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे तेच घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. हा १९१५चा व्यापक सिद्धांत. वजाबाकी केली की दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. म्हणून घड्याळाची मूळ कंपनसंख्या जमिनीवरच किंचित कमी लावून पाठवतात, १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी १०.२२९९९९९९५४३. सन १९७७मध्ये एनटीएस-२ या चाचणी उपग्रहावर ही दुरुस्ती पहिले वीस दिवस मुद्दाम बंद ठेवली होती. घड्याळ खरंच पुढे गेलं, आणि सिद्धांत सांगतो जवळपास तेवढंच गेलं.

नाविक या भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेचे उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर आहेत. तिथे वेग कमी आणि उंची जास्त, त्यामुळे हिशेब दिवसाला सुमारे ४६ मायक्रोसेकंदांवर जातो.

आता ते ११ किलोमीटर. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटर जातो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तुमचा ठिपका संध्याकाळपर्यंत कामठीला पोहोचला असता, असा नव्हे. मोबाइल चार उपग्रहांकडून चार गोष्टी काढतो: तीन दिशांतलं स्थान आणि स्वतःच्या घड्याळाची चूक. सगळे उपग्रह सारखेच पुढे धावले, तर ती चूक चौथ्या आकड्यात जिरते. खरी गडबड होते ती उपग्रहांच्या कक्षा पूर्ण गोल नसल्यामुळे. उपग्रह कधी पृथ्वीच्या थोडा जवळ, कधी थोडा लांब. त्यामुळे प्रत्येकाच्या घड्याळात वेगवेगळा चढउतार येतो, कक्षा दोन टक्के लंबवर्तुळाकार असली तर ४६ नॅनोसेकंदांपर्यंत (नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग), म्हणजे अंतरात १४ मीटर. ही दुरुस्ती उपग्रहावर होतच नाही. ती तुमच्या खिशातला मोबाइल दर वेळी करतो.

महालातल्या गल्लीचा दोष मात्र भिंतींचा. लहर थेट न येता समोरच्या इमारतीवर आपटून येते, तीस मीटर जादा चालते आणि मोबाइल तेवढी चूक खरी मानतो. शिवाय अरुंद गल्लीत आकाशाची पट्टीच दिसते, म्हणून सगळे उपग्रह एका रेषेत सापडतात आणि आडवी चूक वाढते. चौकात किंवा मोकळ्या जागी अर्धा मिनिट थांबा. उपग्रहाच्या कक्षेची पूर्ण माहिती एकदा यायला तीस सेकंद लागतात. नेट नसेल तर तेवढा वेळ द्यावाच लागतो.

आमचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर आहे. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांपेक्षा आम्ही लवकर म्हातारे होऊ का? (वर्धा रोड)

हो. तीस मीटर उंचीचा फरक धरला तर वर्षाला सुमारे १०० नॅनोसेकंद. ऐंशी वर्षांत आठ मायक्रोसेकंद. लिफ्ट बंद पडली तर जिने चढण्यात याहून जास्त आयुष्य जाईल. पण फरक खरा आहे. हार्वर्डमधल्या साडेबावीस मीटर उंच मनोऱ्यात पाउंड आणि रेब्का यांनी तो १९६०मध्ये गॅमा किरणांनी मोजला होता, आणि आजची सर्वांत अचूक घड्याळं मिलिमीटरभर उंचीचा फरकही ओळखतात.

जुळ्या भावांपैकी एक यानातून जाऊन आला तर तो तरुण राहतो म्हणतात. पण यानातून पाहिलं तर पृथ्वीच दूर गेली आणि परत आली! मग दोघंही एकमेकांपेक्षा तरुण? (बारावीची विद्यार्थिनी, प्रतापनगर)

शंका अगदी योग्य ठिकाणी आहे. शब्दांनी सोडवायला गेलो तर गुंता वाढतो. आपण दिवाळीच्या शुभेच्छा मोजू.

यानाचा वेग प्रकाशाच्या ८० टक्के. जाण्याचं ठिकाण ४ प्रकाशवर्षं दूर. पृथ्वीच्या हिशेबाने जायला ५ वर्षं, यायला ५, एकूण १०. यानातल्या घड्याळावर ३ आणि ३, एकूण ६. दोघं भाऊ आपापल्या कॅलेंडरप्रमाणे दरवर्षी एक संदेश पाठवतात. या वेगाने दूर जाताना समोरच्याचे संदेश तीन वर्षांतून एक येतात, आणि जवळ येताना वर्षाला तीन. इथपर्यंत दोघांची स्थिती तंतोतंत सारखी.

यानातला भाऊ जाताना ३ वर्षांत १ संदेश घेतो. मागे वळला की त्याच क्षणी संदेशांचा वेग वाढतो आणि पुढच्या ३ वर्षांत ९ येतात. एकूण १०. म्हणजे पृथ्वीवर १० दिवाळ्या झाल्या.

पृथ्वीवरच्या भावाला मात्र यान वळलेलं लगेच कळत नाही. ५ वर्षांनी ते वळलं, आणि ती बातमी यायला आणखी ४ वर्षं. म्हणजे ९ वर्षं तो तीन वर्षांतून एक या दराने संदेश घेत राहतो: ३ झाले. उरलेल्या एका वर्षात धडाधड ३ येतात. एकूण ६.

दोघांचे आकडे जुळले, वाद मिटला. फरक कुठे पडला तर वळण्यात: एकाने स्वतः वळण घेतलं, दुसऱ्याला ते चार वर्षांनी दिसलं. इंजिनाच्या धक्क्याने वय कमी होतं, असं काही पुस्तकांत लिहिलेलं सापडतं. ते सोडून द्या. धक्का तोच ठेवून प्रवास दुप्पट लांब केला तर वयातला फरकही दुप्पट होतो.

सूर्याचं कृष्णविवर झालं तर पृथ्वी खेचली जाईल का? आणि आत पडणाऱ्याचं नेमकं काय होतं? (सात पत्रं, बहुतेक शाळकरी)

पहिल्याचं उत्तर नाही. सूर्य दाबून ३ किलोमीटर त्रिज्येत बसवला तर त्याचं कृष्णविवर होईल, पण वस्तुमान तेवढंच राहील, म्हणून १५ कोटी किलोमीटरवरची ओढही तेवढीच. सव्वाआठ मिनिटांनी अंधार होईल, थंडी पडेल, आणि पृथ्वी पूर्वीच्याच कक्षेत मुकाट फिरत राहील. कृष्णविवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. ते न फिरणारं असेल तर त्याच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या आतच स्थिर वर्तुळाकार कक्षा उरत नाही. त्याबाहेर नेहमीसारखं फिरता येतं. (पृथ्वीचं करायचं तर तिला एका मोठ्या कंच्याएवढं दाबावं लागेल, त्रिज्या ९ मिलिमीटर. सूर्य काय किंवा पृथ्वी काय, आपणहून असं दबत नाहीत. वस्तुमान पुरेसं नाही.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कृष्णविवर केवढं आहे त्यावर ठरतं, आणि इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. लहान कृष्णविवर जास्त क्रूर. मारणारी गोष्ट म्हणजे पायांवरची आणि डोक्यावरची ओढ यांतला फरक. दहा सूर्यांच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या ३० किलोमीटर. पाय खाली करून दोन मीटर उंचीचा माणूस पडत असेल, तर चार-एक हजार किलोमीटर लांब असतानाच हा फरक पृथ्वीवरच्या ओढीच्या दहापट होतो. घटना क्षितिजापाशी, म्हणजे जिथून आत गेलेला प्रकाशही परत येत नाही त्या हद्दीपाशी, तो दोन कोटी पट असतो. शेवया करतात तसा माणूस लांबत जातो, आणि क्षितिज गाठण्याच्या कितीतरी आधी संपतो.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं धनु ए-तारा हे कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांचं आहे. त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. त्याच्या क्षितिजापाशी डोकं आणि पाय यांतला फरक पृथ्वीवरच्या ओढीच्या जेमतेम दहा हजारावा भाग. आसपासचा तापलेला वायू आणि किरणोत्सर्ग बाजूला ठेवला, तर क्षितिज ओलांडल्याचं त्या माणसाला कळणारही नाही. तिथे भिंत नाही, रेघ नाही. ओलांडल्यावर मात्र त्याच्या स्वतःच्या मनगटी घड्याळाप्रमाणे जास्तीत जास्त ६६ सेकंद उरतात. इंजिन लावून कितीही हातपाय मारले तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही, कारण आत गेल्यावर केंद्र ही ‘दिशा’ राहत नाही. उद्याची सकाळ जशी टाळता येत नाही तसं ते समोर येतं. एम-८७ या दुसऱ्या दीर्घिकेतलं (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहातलं) कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांचं आहे. तिथे हीच मुदत २८ तासांची.

लांबून पाहणाऱ्याला काय दिसेल? पडणारा क्षितिजाजवळ मंद होत, लालसर होत विझत जातो. ओलांडताना तो कधीच दिसत नाही.

आणि एम-८७मधल्या कृष्णविवराच्या एप्रिल २०१९मधल्या त्या प्रसिद्ध चित्रातला केशरी रंग निवडून दिलेला आहे. ते चित्र १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचं आहे. त्यांना डोळ्याला दिसणारा रंगच नसतो.

नागपुरात झीरो माइलचा खांब आहे, तसा विश्वाचा मध्य कुठे आहे? आणि दहावीच्या वर्गात प्रसरण दाखवायला ताणलेल्या कापडावर लोखंडी गोळा ठेवतो, ते बरोबर आहे का? (विज्ञान शिक्षक, काटोल)

कापड आणि गोळा हा प्रयोग प्रसरणाचा नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे. आणि तिथेही तो थोडी फसवणूक करतो: गोट्या खोलगटाकडे जातात त्या खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला गुरुत्वाकर्षणच वापरलं. विद्यार्थ्याने ‘अवकाशात खाली म्हणजे कुठे?’ असं विचारलं की शिक्षक अडकतो. फुगा त्यापेक्षा बरा, पण फुग्याला आतली हवा असते आणि मुलं मध्य तिथे शोधतात.

शिंप्याकडे मिळतं ते चपटं इलॅस्टिक घ्या. एक इंच रुंद, एक मीटर लांब, नवं. त्यावर १० सेंटिमीटरपासून ९० सेंटिमीटरपर्यंत दर दहा सेंटिमीटरवर एक, अशी नऊ बटणं लावा. ही बटणं म्हणजे दीर्घिका. प्रत्येक बटणाला दोनच टाके, तेही इलॅस्टिकच्या मधोमध. घट्ट भरपूर टाके घातले की तिथलं इलॅस्टिक मरतं आणि ताण सारखा पडत नाही. खाली टेबलावर मोजपट्टी चिकटवा. दोन मुलांनी टोकांना धरून, पहिल्या आणि शेवटच्या बटणातलं ८० सेंटिमीटर अंतर १२० होईपर्यंत ओढायचं. टोकांकडचे दहा-दहा सेंटिमीटर मोकळे ठेवले ते यासाठी, की मुठीजवळ इलॅस्टिक वेडंवाकडं ताणलं जातं.

आता कोणत्याही बटणावर बोट ठेवा, समजा चौथ्या. शेजारचं बटण १० वरून १५वर गेलं: ५ ने दूर. त्यापुढचं २० वरून ३०वर: १० ने. तिसरं ३० वरून ४५वर: १५ ने. अंतर दुप्पट तर वेग दुप्पट. लमेत्र आणि हबल या खगोलशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९२७ आणि १९२९मध्ये मांडला तो नियम हाच. मग बोट सहाव्या बटणावर ठेवून पुन्हा मोजा. आकडे तेच येतात. प्रत्येक बटणाला वाटतं की मध्य आपणच. विश्वाला झीरो माइल नाही, आणि हवं असेल तर कुठल्याही बटणापाशी तो खांब रोवा.

बटणांऐवजी पेनाचे ठिपके काढू नका. ठिपकाही ताणला जातो आणि दीर्घिका स्वतः फुगतात असा चुकीचा समज पोरं घरी घेऊन जातात. पेन वापरायचा तो वेगळ्या कामाला: दोन बटणांच्या मध्ये दोन सेंटिमीटर लांबीची नागमोडी लहर काढा. ती प्रकाशाची. ओढल्यावर तिची लांबी ३ सेंटिमीटर होते. दीर्घिका तेवढीच राहिली, वाटेतला प्रकाश मात्र लांबला, लाल झाला. ताम्रसृती म्हणतात ती ही.

इलॅस्टिकला टोकं असतात, विश्वाला टोक सापडलेलं नाही, एवढं वर्गात आपणहून सांगा. आणि जुनं, ढिलं इलॅस्टिक वापरलं तर आकडे जुळणार नाहीत. मग मुलं जुळवून लिहितात, ते सगळ्यात वाईट.

विश्व प्रसरण पावतं, मग नागपूर-मुंबई अंतरही वाढतं का? चंद्र दूर जातो तो याचमुळे ना? (दोन पत्रं)

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. प्रसरणाचा दर त्याला लावला, तर वर्षाला मिलिमीटरचा विसावा भाग वाढ यायला हवी. तीही येत नाही. जमीन, माणूस, सूर्यमाला, आपली आकाशगंगा, हे सगळं आपापल्या बलांनी बांधलेलं आहे, आणि जे बांधलेलं आहे ते पसरत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडे येते आहे.

चंद्राची गंमत अशी की प्रसरणाचा दर त्याच्या अंतराला लावला तर वर्षाला पावणेतीन सेंटिमीटर येतात, आणि तो प्रत्यक्षात ३.८ सेंटिमीटर दूर जातो. आकडे जवळचे, कारण वेगळं. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, पृथ्वी स्वतःभोवती फिरताना तो फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे नेते, आणि तो फुगवटा चंद्राला पुढे ओढतो. त्या बदल्यात पृथ्वीचं फिरणं मंदावतं. अपोलोच्या यात्रींनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे अंतर आजही मोजतात.

लांबच्या दीर्घिका प्रकाशापेक्षा वेगाने दूर जातात म्हणे. मग आइन्स्टाइन चुकले? (धरमपेठ)

नाही. प्रसरणाला वेग नसतो, दर असतो: दर मेगापार्सेकला, म्हणजे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर. अंतर वाढवत नेलं की कुठेतरी गुणाकार प्रकाशाच्या वेगापलीकडे जाणारच. तो जातो १,४०० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. आइन्स्टाइनचं बंधन दोन वस्तू एकमेकींच्या शेजारून जाताना लागू होतं. तिथे कोणी प्रकाशाला मागे टाकत नाही.

हा ७०चा आकडा गोल केलेला आहे. आद्य प्रारणावरून (विश्वाच्या गरम सुरुवातीपासून येणाऱ्या सूक्ष्मलहरी, पुढच्या उत्तरात त्या भेटतील) काढला तर ६७ येतो, तारे आणि अतिनवतारे, म्हणजे स्फोट होणारे तारे, यांवरून काढला तर ७३. दोन्ही मोजणाऱ्यांनी आपापली चूक शोधून पाहिली, फरक मिटलेला नाही. या क्षेत्रातलं आजचं खरं भांडण हे आहे.

जयंत नारळीकर सरांनी महास्फोट मानला नाही. मग शाळेत तो का शिकवतात? (निवृत्त वाचक, सदर)

सरांचा आक्षेप प्रसरणावर नव्हता, हे आधी लक्षात घेऊ. सरांचे गुरू, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतातही विश्व पसरतंच. वाद असा की पसरताना ते विरळ होत जातं, की नवं द्रव्य तयार होऊन घनता तशीच राहते. महास्फोटाला ‘बिग बँग’ हे नावसुद्धा हॉइल यांनीच १९४९मध्ये बीबीसी रेडिओवर दिलं.

पारडं झुकलं ते १९६५मध्ये, सगळ्या दिशांनी सारखं येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्यावर. त्याचं तापमान परम शून्याच्या वर २.७ अंश. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनेल नसताना दिसणाऱ्या मुंग्यांत त्याचाही थोडा वाटा असायचा. पुढे कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट मोजला, तो एकाच तापमानाच्या आदर्श कृष्णवस्तूचा, म्हणजे पडलेला सगळा प्रकाश शोषणाऱ्या वस्तूचा, निघाला. एके काळी सगळं विश्व दाट आणि गरम होतं, असं मानलं की हे सहज समजतं. विश्वातलं वजनाने सुमारे एक चतुर्थांश हेलियमही त्याच गरम काळातलं. नारळीकर, हॉइल आणि बर्बिज यांनी १९९३मध्ये सुधारित सिद्धांत मांडला. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना तो पटला नाही. पण महास्फोटाच्या क्षणाला समीकरणं तुटतात, हे सर ठासून सांगत, आणि ते आजही खरं आहे. १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या दाट, गरम अवस्थेपासून पुढचं आपण खात्रीने सांगतो. तिच्याही आधीचं ‘शून्य’ नव्हे.

नागपुरातून कृष्णविवर दिसेल का? दुर्बीण कोणती घ्यावी? (आठ पत्रं)

कृष्णविवर नाही, पण त्याची जागा दाखवता येते, आणि एकाचा जोडीदार तारा प्रत्यक्ष दिसतो.

आकाशगंगेचा मध्य धनु राशीत आहे. ताऱ्यांची किटलीसारखी आकृती शोधा. तिच्या तोटीच्या टोकाजवळची ती जागा. नागपूर २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे ही जागा दक्षिणेला क्षितिजापासून ४० अंश वर येते. मेच्या मध्यात रात्री अडीचच्या सुमारास ती सर्वांत उंच असते. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची, म्हणजे क्षितिजापासून चार मुठी.

हंस राशीतल्या सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराभोवती ५.६ दिवसांत फेरी मारणारा निळा तारा नवव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका मंद आहे, ईटा सिग्नी या ताऱ्याच्या अगदी जवळ. अंधाऱ्या जागी १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते, पण हातात धरून नाही, तिपाईवर बसवा. हाताच्या थरथरीत नवव्या प्रतीचा तारा हरवतो, आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो. सोबत ताऱ्यांचा नकाशा हवाच, कारण तिथे तसले ठिपके डझनभर आहेत.

सीताबर्डीच्या दिव्यांखालून यातलं काही जमणार नाही. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. तिकडे अमावास्येच्या आसपास जा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झोत ती सगळी वाया घालवतो. नकाशा वाचायला टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. मे हुकला तर जूनच्या मध्यानंतर ढगांची वाट पाहण्यापेक्षा ऑक्टोबरात हंस राशीकडे वळा. धनु तेव्हा संध्याकाळीच नैऋत्येला उतरू लागते.